पाण्याकडे पाठ

बाळांनो, या, जवळ बसा. आणि बाळांच्या मागे हाताची घडी घालून उभे आहात ना, ते मोठे, तुम्हीही बसा. गोष्ट एका मुलीची असली तरी बोलणी तुम्हालाच बसणार आहेत. आधीच सांगितलेलं बरं.

फार जुना काळ. इतका जुना, की ज्या नदीकाठी हे घडलं ती नदीसुद्धा आता तिथून वाहत नाही. त्या काठावर एक गाव होतं. गाव अलीकडे आणि बाकी सगळं पलीकडे. बाजार पलीकडे, देवीचं ठाणं पलीकडे, लेकी दिल्या त्याही पलीकडे. पूल नव्हता. एका जागी नदी उथळ पसरायची, तिथून माणसं, गुरं आणि गाड्या पाण्यातूनच पार होत. त्या जागेला उतार म्हणत.

नदी मोठी कपटी. गावावर लख्ख ऊन पडलेलं असायचं आणि दूर डोंगरात पाऊस कोसळून लोंढा निघालेला असायचा. गुडघाभर पाणी बघता बघता डोक्यावरून जायचं. म्हणून गावानं उताराला राखणदार ठेवला होता. रोज सकाळी राखणदार पाण्यात उतरायचा आणि अनवाणी उभा राहायचा. पाण्याचा गारवा, रंग, फेस, पायाखाली हलणारे गोटे, हे सगळं तो ओळखायचा. ठीक असेल तर हात वर करायचा. ठीक नसेल तर काठी आडवी धरायचा. काठी आडवी झाली की पाटलाची गाडीसुद्धा जागची हलत नसे.

या कामाची एक जुनी रीत होती. राखणदारानं लोकांकडे पाठ करून उभं राहायचं. हात वर करीपर्यंत किंवा काठी आडवी धरीपर्यंत मागे वळून बघायचं नाही. अशी रीत का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आजा करायचा म्हणून बाप करायचा, बाप करायचा म्हणून पोरगा करायचा. बरं चाललं होतं की!

त्या वेळी राखणदार होता हैबती. अबोल माणूस. त्याच्या बायकोचं नाव राही, आणि दोघांना मिळून एकच लेकरू, येसू. मुलगा नाही म्हणून गाव अडून बसलं नाही, हे गावाच्या चांगुलपणाचं. पाटील म्हणाले, "मुलगी तर मुलगी. पण देवीच्या जत्रेआधी चारचौघांत तिची पारख होईल. उतरली तर काठी तिची. नाही उतरली तर काठी तुझ्या चुलतघरी जाईल."

हे ऐकलं आणि राही हातातलं काम टाकून बसली. चुलतघरची माणसं टपूनच बसलेली. काठी गेली म्हणजे काय काय जाणार, ते तिला दिसत होतं. जत्रेतला पहिला मान जाणार. पाणवठ्यावर बायका बाजूला सरून जागा देतात, ते जाणार. आणि हैबतीच्या सात पिढ्यांचं नाव एका पोरीपायी बुडालं असं लोक म्हणणार. तिला घास गोड लागेना.

हैबती मात्र निवांत. तो येसूला रोज पाण्यात घेऊन जायचा, उभी करायचा आणि म्हणायचा, "सांग."

एवढंच. काय सांग, कसं सांग, काही नाही. पोर काहीतरी सांगायची. चुकलं की तो म्हणायचा, "पुन्हा बघ." बरोबर आलं की तेही म्हणायचा नाही, नुसती काठी उचलून चालायला लागायचा. पोरगी त्याच्यामागे ओल्या परकरानं पळायची आणि विचारायची, "आबा, बरोबर होतं ना? सांगा ना आबा!" हा आपला ढिम्म. शिकवत होता ते खरं होतं, यात वाद नाही. पण एक शाब्बासकी दिली असती तर त्याच्या जिभेला काय काटा टोचणार होता? लेकरू शब्दासाठी आसुसलं होतं, आणि ते त्या शहाण्याला कळलं नाही.

राहीला हे बघवेना. शेजारची पोर येसूएवढीच, पण धडाधड पाढे म्हणायची, पाहुण्यांसमोर श्लोक म्हणायची, आणि तिची आई अशी फुलून जायची की बघायला नको. आणि येसू? पाण्यात उभी राहून पायानं गोटे चाचपत बसायची.

"अहो, जत्रा तोंडावर आली," राही म्हणाली. "पोरीला धड चार वाक्यं बोलता येत नाहीत पाण्याबद्दल."

"बोलून काय करायचंय? कळलं पाहिजे."

"आणि कळायचं कधी? काठी चुलतघरी गेल्यावर?"

"कळेल. पाय तयार होताहेत तिचे. घाई नको."

"पाय तयार होताहेत म्हणे!" राहीनं कपाळावर हात मारला आणि दुसऱ्याच दिवशी येसूला घेऊन पंतोजींकडे गेली.

पंतोजी देवळाच्या ओसरीवर शाळा भरवत. माणूस वाईट नव्हता, हे लक्षात ठेवा. कधी कुणावर छडी उगारली नाही, कधी कुणाला टाकून बोलले नाहीत. अभिमान एकच, आपला विद्यार्थी चारचौघांत कधी अडला नाही. आणि तो अडत नसे याचं कारण पंतोजींच्या चेहऱ्यावर असे. पोर चुकीच्या वाटेला लागलं की त्यांच्या भुवया जवळ यायच्या. बरोबर वाटेला लागलं की हात पागोट्याकडे जायचा आणि ते हळूच सारखं केलं जायचं. मुद्दाम करत असतील असंही नाही. पण पोरं काय, चलाख असतात. पोरं पाटीकडे कमी आणि पागोट्याकडे जास्त बघायची.

"येसू बाळ," पंतोजी म्हणाले, "पाण्यावर पिवळा फेस आला तर पाणी चढणार की ओसरणार?"

"ओस..." भुवया जवळ आल्या. "चढणार!"

हात पागोट्याकडे गेला. "शाब्बास! राहीबाई, मुलगी हुशार आहे हो तुमची. नुसतं वळण लावायला हवं होतं."

शाब्बास! येसूनं हा शब्द स्वतःसाठी पहिल्यांदा ऐकला. तिचा चेहरा असा उजळला की राहीच्या डोळ्यांत पाणीच आलं. बघा, माझी पोर मठ्ठ नव्हतीच, ती मनात म्हणाली. मठ्ठ आहे तो तिचा बाप.

मग काय, घरीही तेच सुरू झालं. राही भाकरी थापता थापता विचारायची, येसू तिच्या तोंडाकडे बघायची. राहीला पाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण उत्तरं ती पंतोजींकडून ऐकून आली होती. येसू चुकायला लागली की आईचा हात परातीत थबकायचा. बरोबर यायला लागली की मान हलायची. आणि शेवटी गुळाचा खडा. पोरगी अशी भराभर पुढे गेली की विचारू नका. प्रश्न पुरा व्हायच्या आत तिची नजर वर उचलली जायची. राहीला त्याचं केवढं कौतुक! माझी लेक सारखी माझ्या तोंडाकडे बघते, ती पाणवठ्यावर सांगायची. इतका जीव आहे हो तिचा माझ्यावर.

एका सकाळी हैबतीनं येसूला पाण्यात उभं केलं. राहीही काठावर धुणं घेऊन आली होती.

"सांग," हैबती म्हणाला.

येसू गर्रकन वळली आणि त्याच्या तोंडाकडे बघू लागली.

"इकडे काय? पाण्याकडे बघ."

ती पाण्याकडे वळली, आणि पुन्हा मान मागे. "चढतंय? नाही, नाही... ओसरतंय?"

हैबतीनं खांद्यावरचं उपरणं काढलं आणि स्वतःच्या तोंडावरून ओढून घेतलं. "आता सांग."

पोरगी बावरली. खाली पाणी, समोर झाकलेलं तोंड. "आबा, तोंड दाखवा ना," ती म्हणाली. "तोंड दाखवा, मग सांगते."

आणि ती भोकाड पसरून रडायला लागली. राही धुणं टाकून धावली आणि तिला पोटाशी धरलं. "अहो, लेकराला घाबरवता काय असं? माणूस आहात की कोण?"

हैबतीनं उपरणं खाली घेतलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "राही, पोरीनं पाण्याकडे पाठ केली," तो म्हणाला. "तिची ती शाळा बंद कर. आजच्या आज."

"आणि पारख? ती तुम्ही करून देणार का?"

हैबतीनं नुसती काठी उचलली आणि चालू लागला. बोलायला हवं होतं. पण जत्रा जवळ आली होती, आणि चुलतघरच्या माणसांची आठवण त्यालाही होतीच.

पारखीचा दिवस आला. सगळं गाव काठावर. त्या सकाळी राहीनं नवऱ्याला सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "आज पाणी कसं आहे हो?" त्यानं सहज सांगितलं. तेच तिनं पदर सावरत जाऊन पंतोजींच्या कानावर घातलं. पंतोजींना पाटलांनी शेजारीच बसवलं होतं, जाणते म्हणून.

येसू पाण्यात उतरली आणि रीतीप्रमाणे लोकांकडे पाठ करून उभी राहिली. तेवढ्यात पंतोजी उठले.

"पाटील, एक विनंती. लेकरानं आपल्याला पाठ दाखवून उत्तरं द्यायची, हे काही बरं दिसत नाही. थोरामोठ्यांच्या तोंडाकडे बघून बोलावं, हेच तर आम्ही शिकवतो."

लोकांनी माना डोलावल्या. खरंच की! इतकी वर्षं राखणदार गावाला पाठ दाखवत आले, आणि कुणाच्या कसं लक्षात आलं नाही? पाटलांनाही ते पटलं. "वळ ग पोरी," ते म्हणाले.

येसू वळली. पाणी मागे गेलं, पागोटं समोर आलं.

पाटलांनी एकेक विचारलं आणि येसूनं एकेक सांगितलं. एकदाही अडली नाही. पाणी ओसरतंय. वर पाऊस नाही. गाडी खालच्या अंगानं न्या. पंतोजींचा हात पागोट्यावरून खाली यायला तयार नव्हता, आणि गर्दीत उभ्या राहीची मान हलतच होती. पाटील खूश झाले. त्यांनी काठी येसूच्या नावे केली, तिला खण दिला, आणि पंतोजींच्या खांद्यावर शाल घातली. चुलतघरची माणसं खाली मान घालून घरी गेली.

हैबती काठावर उभा होता. त्याला सगळं दिसलं होतं. तो पुढे होऊन म्हणू शकला असता, पाटील, हे खरं नाही, पोरीला पुन्हा उभी करा आणि सगळ्यांची तोंडं झाका. पण लोक त्याला मिठ्या मारत होते. त्यालाही तो मान गोड लागला. एवढ्या वर्षांत पोरीला एक शाब्बास न देणारा तो माणूस, त्या दिवशी नेमका म्हणाला, "शाब्बास, येसू."

पुढे हैबतीचे पाय गेले. जन्मभर गार पाण्यात उभं राहून ते बधिर झाले, आणि तो घरातल्या बाजेला खिळला. काठी येसूच्या हाती आली. आता ती चांगली मोठी, उंच, देखणी मुलगी झाली होती.

तुम्ही म्हणाल, मग पहिल्याच दिवशी फजिती झाली असेल. नाही झाली! इथेच तर सगळे फसतात. उतारावर रोज गावातलेच लोक यायचे, त्यांत जुनी जाणती माणसं असायची. नदीकाठी आयुष्य गेलेलं, त्यांना पाणी थोडंफार कळायचंच. येसू पाण्यात उभी राहायची, मागे वळायची आणि त्यांच्या तोंडांकडे बघायची. कुणा म्हाताऱ्याच्या कपाळाला आठी दिसली की काठी आडवी. तोंडं मोकळी दिसली की हात वर. आणि बरोबर यायचं. लोक म्हणायचे, बापापेक्षा लेक सरस. शिवाय वागायला किती गोड, आपल्याकडे बघून हसते तरी! राही जत्रेत मानानं पुढे चालायची आणि पंतोजी नव्या मुलांना येसूचा दाखला द्यायचे.

असं चाललं, आणि एके वर्षी राहीच्या भाच्याचं लग्न निघालं.

भाऊ लांबच्या गावचा. वऱ्हाड आदल्या संध्याकाळी राहीकडे मुक्कामाला उतरलं. नवरी पलीकडच्या गावची, मुहूर्त दुसऱ्या दिवशी दुपारचा. सकाळी गाड्या जुंपल्या. पुढच्या गाडीत नवरा मुलगा, त्याची करवली म्हणून निघालेली धाकटी बहीण, आणि मानाचे पाहुणे म्हणून पंतोजी. मागच्या गाडीत राही आणि तिचा भाऊ. बाकी सगळी परमुलखातली माणसं. गावचे जाणते म्हातारे त्या दिवशी कुणी उतारावर नव्हतेच. त्यांना कशाला कोण लग्नाला नेतंय?

घरातून निघताना बाजेवरून हैबती म्हणाला, "राही, आज हवेला वास आहे. वरती कुठंतरी पडलाय."

"तुम्हाला लग्नाच्या दिवशी बरा वास येतो," राही म्हणाली आणि नथ सारखी करत बाहेर पडली.

ऊन लख्ख होतं. येसू पाण्यात उतरली. राही गाडीतून बघत होती. तिला दिसलं की येसू जराशी दचकली, एक पाय उचलून पुन्हा ठेवला, आणि खाली वाकून बघू लागली. पायाखाली गोटे हलत होते. पाणी नेहमीपेक्षा गार होतं. फार पूर्वी, लहानपणी, बापाबरोबर उभी असताना हे तिच्या पायांना कळायला लागलं होतं. काहीतरी आठवतंय, पण काय ते धरता येत नाही, अशी ती थोडा वेळ घोटाळली.

मग तिनं मान वर केली आणि वळली.

समोर सगळी वऱ्हाडी तोंडं. हळदीनं माखलेला नवरा मुलगा हसत होता. त्याचा बाप, येसूचा मामा, मुहूर्तासाठी उतावीळ झाला होता. पंतोजी तिच्याकडे कौतुकानं बघत होते. गाडीच्या हिसक्यानं पागोटं कलंडलं होतं, ते त्यांनी हातानं सारखं केलं. येसूची नजर तिथे क्षणभर थांबली, आणि मग मागच्या गाडीकडे, आईकडे आली.

राहीला ती नजर ओळखीची होती. भाकरी थापताना वर उचलली जायची तीच. त्या नजरेत प्रश्न होता, हे तिला त्या क्षणी पक्कं कळलं. पण उशीर होत होता, भाऊ चुळबुळत होता, माहेरच्या माणसांत शोभा नको होती. तिनं सवयीनं मान हलवली.

येसूनं हात वर केला.

पुढची गाडी मध्यावर गेली तेव्हा आवाज आला. आधी वाटलं, वाजंत्री वाजतेय. मग वळणावरून पाणी आलं, मातकट, झाडं-झुडपं घेऊन, माणसाच्या उंचीचं. बैलांनी एकदा माना वर केल्या. कुणीतरी "आई ग!" म्हणून ओरडलं. पंतोजींचं पागोटं थोडा वेळ पाण्यावर दिसलं, मग तेही दिसेना. मागच्या गाडीच्या गाडीवानानं कासरे ओढून बैल कसेबसे काठावर फिरवले, म्हणून राही आणि तिचा भाऊ वाचले. येसूला लोंढ्यानं काठावरच्या करंजाच्या मुळांवर फेकलं. तिनं ती धरून ठेवली आणि तीही वाचली.

पाणी दुपारी ओसरलं. नवरा मुलगा खालच्या वळणावर सापडला, अंगावरची हळद तशीच. करवली सापडलीच नाही. राहीच्या भावानं बहिणीशी शब्द बोलणं सोडलं, ते मरेपर्यंत.

संध्याकाळी काठावर सगळी माणसं गोळा झाली होती. कुणी रडत होतं, कुणी येसूला शिव्या देत होतं. येसू चिखलानं भरलेली, हातात काठी घट्ट धरून उभी होती. तिचे डोळे कोरडे होते. ती गर्दीतून वाट काढत आईपाशी आली. एवढी मोठी, उंच पोर. पण आईसमोर आली आणि लहानपणी करायची तशी मान वर करून तिच्या तोंडाकडे बघू लागली.

"आई," तिनं विचारलं, "मी बरोबर सांगितलं होतं ना?"

आपल्या चेहऱ्यावर आत्ता जे काही असेल, तेही ही पोर वाचेल आणि तेच खरं मानून जन्मभर जगेल, एवढंच राहीला कळलं. तिनं पदर ओढला आणि स्वतःचं तोंड झाकून घेतलं.

"आई, तोंड दाखव ना," येसू म्हणाली. "आई, दाखव ना."

काठी चुलतघरी गेली. नवा राखणदार लोकांकडे पाठ करून उभा राहू लागला, आणि आता ती रीत का होती हे गावातल्या शेंबड्या पोरालाही सांगता येत होतं. हैबती त्या पावसाळ्यात गेला. राही पुष्कळ जगली, मरण मागत जगली. आणि येसू? ती उतारावर येऊन बसायची. कुणी पलीकडे निघालं की त्याच्यासमोर उभी राहून त्याच्या तोंडाकडे बघायची आणि विचारायची, "सांगू? बरोबर सांगू?" लोक नजर चुकवून पुढे जायचे.

म्हणून सांगणं एवढंच, की लेकराला उत्तरासाठी आपल्या तोंडाकडे बघायला शिकवणारे आईबाप आणि गुरू त्याला शिकवत नसतात, त्याचे डोळे काढून घेत असतात.